दुसऱ्याच्या मोटारीचं बटण

अजाबरावांचं आडनाव मला माहीत आहे, पण मी ते इथं लिहिणार नाही. आमच्या उपकेंद्राच्या हजेरीपटावर ते होतंच. रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर ते सही करायचे. पण ज्या सात गावांत ते लाइनमन होते, तिथल्या एकाही माणसाला त्यांनी ते कळू दिलं नाही. आपल्याकडं आडनाव कळलं की लोकांचं निम्मं काम होऊन जातं. हा माणूस कुणाच्या ओट्यावर बसेल, कुणाकडं पाणी मागेल, फ्यूज उडाला तर आधी कुणाकडं धावेल, हे सगळं लोक त्यावरून ठरवून मोकळे होतात. कुणी थेट विचारलंच, "अजाबराव, तुमी आडनाव काय लावता जी?" तर ते पक्कड हातात घेऊन वर खांबाकडं बघायचे आणि म्हणायचे, "लाइनमन. दुसरं आडनाव पगारापुरतं हाये."

याचा परिणाम असा झाला की एका गावात वरच्या शिवारातल्या लोकांना पक्की खात्री होती की हा खालच्यांचा माणूस आहे, आणि खालच्यांना तितकीच पक्की खात्री होती की हा वरच्यांचा. दोन्हीकडून शिव्या खाणाऱ्या माणसाची पचनशक्ती चांगली असावी लागते. अजाबरावांची नव्हती. त्यांना पित्ताचा त्रास होता, आणि त्याचं कारण चहा होतं. वरच्या कुणाकडं एक कप घेतला की खालच्या कुणाकडं एक घ्यायचाच, असा त्यांचा नियम होता. नाहीतर दोन्हीकडं नाही. पोळ्याच्या दिवशी एकदा त्यांनी अशा बारा कपांचा हिशेब चुकता केला आणि संध्याकाळी उपकेंद्राच्या ओट्यावर पोट धरून बसले. मी म्हटलं, "अजाबराव, नाही म्हणता येत नाही का?" ते म्हणाले, "येते ना. पन एकाच घरी नाही म्हनलं का दुसऱ्या घरी हो म्हनल्यावानी होते."

मी ऑपरेटर. कामरगावच्या पुढं एका फाट्यावर आमचं उपकेंद्र आहे. एक खोली, एक कुरकुरणारा पंखा आणि दिवसभर वाजणारा फोन. माझं काम बसून करायचं, त्यांचं चढून. बसून काम करणाऱ्याला चढून काम करणाऱ्याचा राग येतो, कारण तो सारखा फोन करून बसलेल्याला उठवतो. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मला अजाबराव अजिबात आवडले नाहीत.

खांबावर चढायच्या आधी त्यांचा फोन यायचा.

"ऑपरेटर, लाइन बंद केली?"

"केली."

"कोन्ती?"

मी फिडरचं, म्हणजे उपकेंद्रातून त्या गावांकडं जाणाऱ्या लाइनीचं, नाव सांगायचो.

"आज डब्यात भाजी कायची हाये?"

पहिल्यांदा मला वाटलं, माणूस खादाड आहे. मग कळलं की नोकरीच्या सुरुवातीला, दूर कुठंतरी, एका पेंगलेल्या ऑपरेटरनं त्यांना "केली" म्हणून सांगितलं होतं आणि केली नव्हती. अजाबरावांच्या डाव्या हाताची दोन बोटं तिथं राहिली. "झोपीत मानूस हो म्हनू शकते," ते सांगायचे, "पन भाजीचं नाव नाही सांगू शकत." मी "वांगे" म्हटलं की ते "खाय मंग" म्हणायचे आणि चढायचे. त्यांच्या त्या प्रश्नामुळं मी कितीतरी दुपारी जागा राहिलो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आता त्या गावाची गोष्ट. गावाचं नाव राहू द्या, कारण तिथली माणसं अजून मला बाजारात भेटतात.

गावाच्या पूर्वेला एक चढ आहे आणि चढाच्या पायथ्याशी नाला. चढावर आठ वावरं, गावातल्या जुन्या कास्तकारांची. त्यांचे म्होरके दिनकरभाऊ. पंचावन्नची उमर, खांद्यावर पांढरा दुपट्टा, आवाज असा की फोनची गरज नाही. नाल्याकाठी सहा वावरं, बुद्धनगरातल्या घरांची. कुणाच्या आजाला मिळालेली, कुणी मास्तरकीच्या नाहीतर एसटीतल्या पगारातून घेतलेली. त्यांच्यातली सगळ्यांत पुढं बोलणारी पंचफुलाबाई. नवरा गेल्यावर तीन एकर एकटीनं कसणारी बाई. तिच्याशी बोलताना आमचे साहेबसुद्धा खुर्चीत सरळ बसायचे.

या चौदा वावरांतल्या चौदा मोटारींना मिळून एकच डीपी होती. डीपी म्हणजे दोन खांबांच्या मधोमध बसवलेला ट्रान्सफॉर्मर, आणि त्याखाली फ्यूजची पेटी. ती डीपी येईपर्यंत वरचे आणि खालचे यांच्यात जाणं-येणं फारसं नव्हतंच. ते अंतर फार जुनं होतं, आणि त्याची कारणं गावात सगळ्यांना माहीत होती. पण भांडणही नव्हतं. "ते चोर आहेत" हे वाक्य नवीन होतं. डीपी आली, चौदा तोंडं एका ताटावर बसली, आणि मग ते वाक्य आलं.

त्यात भर पडली ऑटोची. ऑटो म्हणजे मोटारीच्या स्टार्टरला जोडलेली एक लहानशी डबी. लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते, शेतात जावं लागत नाही. पहिली डबी दिनकरभाऊंनी बसवली. ते पाहून खालच्यांना वाटलं, आपण वावरात पोचेपर्यंत वरचे सगळा करंट ओढून घेतील. त्यांनी दोन बसवल्या. ते पाहून वरच्यांनी चार. दिवाळीपर्यंत चौदाही मोटारींना डब्या लागल्या. चौदा मोटारी एकीमागून एक सुरू केल्या तर ती डीपी कण्हत का होईना, ओढत होती. पण सुरू होतानाच मोटार सगळ्यांत जास्त करंट खेचते. चौदा पोरं एकाच वेळी एका दारातून बाहेर पडायला लागली तर दाराची चौकट उखडणारच. फ्यूज उडायचे, रोज. आणि फ्यूज उडाला की प्रत्येकाला आपली डबी सोडून बाकीच्या तेरा दिसायच्या.

"खालचे आकडे टाकते," दिनकरभाऊ उपकेंद्रात येऊन मला सांगायचे. "मांगच्या साली माही केबल कापली, ते बी त्याईचंच काम."

"तुम्ही पाहिलं?"

"पाह्याची काय गरज हाये? दुसरं कोन कापन?"

ते गेले की तासाभरात पंचफुलाबाई. "वरचे लोकं आमची फेज खेचते. जलमभर पानी खेचलं, आता करंट खेचून राह्यले. तुमी कोनाच्या बाजूनं हा तेवढं सांगा, मंग मी बसतो नाहीतर जातो." आमच्याकडं बायाही 'मी जातो' म्हणतात, आणि पंचफुलाबाईच्या तोंडी ते शोभायचंही. मी दोघांनाही पाणी द्यायचो आणि अजाबरावांकडं बोट दाखवायचो. बसून काम करणाऱ्याला तेवढं जमतं.

डिसेंबरात डीपी जळली. गहू महिन्याचाही नव्हता. दुसरी डीपी आली तेव्हा ती खांबांवर चढवायला वीस माणसं लागली. वरची दहा, खालची दहा, एकाच दोरखंडाला. एका दोराला हात लागले की माणसं एक होतात, असं आपण भाषणांत ऐकतो. तसं काही झालं नाही. डीपी वर बसली, आणि दहा माणसं बाभळीच्या या अंगाला बसली, दहा त्या अंगाला. चहा दोन गंजांत वेगवेगळा उकळला. दोन्हीकडचा अर्थातच अजाबरावांनी प्यायला.

आणि इथं त्यांच्या हातून चूक झाली. ती चूक त्यांनीच मला इतक्या वेळा सांगितली की ती सांगण्याचा हक्क मला आहे असं मी समजतो. त्यांना वाटलं, एका ताटावरून भांडतात ना, तर ताटं वेगळी करून देऊ. त्यांनी पेटीतल्या लाइनी वेगळ्या केल्या. डावीकडचे तीन फ्यूज वरच्यांचे, उजवीकडचे तीन खालच्यांचे. ज्याचा भार जास्त त्याचा फ्यूज उडेल, दुसऱ्याला त्रास नाही. न्याय अगदी तराजूत मोजल्यासारखा होता. दोन्हीकडच्यांनी मान डोलावली. अजाबराव उपकेंद्रात आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, "ऑपरेटर, चा सांग."

पण झालं असं, की आता माणसं आपल्या गव्हाकडं कमी आणि पेटीकडं जास्त पाहू लागली. खालच्यांचा फ्यूज उडाला की वरून शिट्टी यायची. वरच्यांचा उडाला की खाली कुणीतरी टाळी वाजवायचं. "आज त्याईचा चार खेप उडाला, आपला तीनच," हे पारावर सांगण्यासारखं झालं. आधी निदान सगळ्यांचा एकत्र अंधार होता. आता हरणारा आणि जिंकणारा असे दोघं तयार झाले. मग एका सकाळी कुणीतरी आपल्या बाजूच्या फ्यूजला बारीक तारेऐवजी जाड तार घातली. जाड तार वितळत नाही. ते पाहून दुसऱ्या बाजूनं आणखी जाड घातली. फ्यूज उडायचे थांबले, दोन्ही बाजू खूश झाल्या, आणि सहाव्या दिवशी भर दुपारी डीपीतून काळा धूर निघाला. आधी तार कुणी घातली ते आजपर्यंत कळलेलं नाही. दोन्हीकडं विचारलं तर उत्तर एकच मिळतं.

जळलेल्या डीपीखाली तेल सांडलं होतं. अजाबराव त्या तेलाशेजारी उकिडवे बसले आणि पेटीतली ती जाड तार बाहेर काढून बराच वेळ बोटांत फिरवत राहिले. दिनकरभाऊ ओरडत होते, पंचफुलाबाई ओरडत होती. अजाबराव एवढंच म्हणाले, "याइची चूक नाही. चूक माही हाये. भांडनाले म्याच दोन रकाने करून देल्ले."

साहेबांनी सांगितलं, या हंगामात तिसरी डीपी नाही. वाशिमहून शिल्लकच येत नाही, आणि दोनदा जाळणाऱ्यांना तिसऱ्यांदा का द्यायची? गहू पोटरीत आला होता, ओंबी बाहेर पडायच्या बेतात. अजून तीन पाणी लागणार होती. तीन पाणी चुकली तर चौदा घरांचा गहू जनावरांपुढं टाकायच्या लायकीचा राहिला असता. अजाबराव तिथंच उभे होते. म्हणाले, "द्या साहेब. पुन्हा जळनार नाही."

"लेखी देता?"

अजाबरावांनी लेखी दिलं. डीपी जळली तर जबाबदारी माझी, विभागीय चौकशी मान्य. त्यांच्या निवृत्तीला दीड महिना उरला होता. मी त्यांना खूप बोललो. म्हटलं, तीस-पस्तीस वर्षांत एक ठपका नाही, आणि जाता जाता दुसऱ्यांच्या भांडणासाठी चौकशी गळ्यात बांधून घेता? पेन्शन अडकली म्हणजे कळेल. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "दुसऱ्याईचं कसं? पेटी तं म्याच वाटली ना."

तिसरी डीपी आली, चढली. पण लाइन सुरू करणारा दांडा अजाबराव ओढेनात. ते खांबाच्या मुळाशी बसले, शेजारी मी. (मला त्यांनी साक्षीदार म्हणून नेलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा मी भर उन्हात दोन तास उभा होतो.) "आधी चौदा डब्या इथं आनून ठेवा," ते म्हणाले, "मंग दांडा." तास-दीड तास कुणी हललं नाही. मग एक डबी आली, मग दुसरी. चौदा झाल्यावर त्यांनी त्या मोजून पिशवीत घातल्या आणि त्या दोन फ्यूजच्या रांगा पुन्हा एक केल्या.

"आता आइका. उद्यापासून आपल्या मोटारीचं बटन आपन दाबाचं नाही."

"मंग कोन दाबन?" दिनकरभाऊ म्हणाले.

"वरच्याइचं खालचा मानूस दाबन. खालच्याइचं वरचा. पाळीपाळीनं. एक मोटार सुरू केली का पाच मिनिटं थांबाचं, मंग दुसरी."

"काहून? आमाले हात नाही काय?"

"हात हायेत, दम नाही. आपल्या मोटारीपाशी मानसाले पाच मिनिटं निघत नाही. दुसऱ्याच्या मोटारीपाशी अर्धा तास बी मस्त निघते."

यावर हशा पिकला. दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर हसल्याचं त्या शिवारात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण हसणं वेगळं आणि चाबी देणं वेगळं. स्टार्टरच्या पेट्यांना कुलपं असतात. दिनकरभाऊंनी कमरेची चाबी हातात घेतली आणि ती मुठीतच धरून ठेवली. "अन् माही मोटार जाळली तं?"

"अन् माही जाळली तं?" पंचफुलाबाई म्हणाली.

"तुही चाबी त्याच्यापाशी अन् त्याची तुह्यापाशी," अजाबराव म्हणाले. "जळाच्या असन तं दोन्ही जळतीन. मंग माह्यी चौकशी अन् तुमचं भांडन, दोन्ही निवांत होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाबाई आठ चाब्यांचा जुडगा घेऊन चढावर गेली. अजाबराव तिच्या मागं, मी त्यांच्या मागं. दिनकरभाऊंच्या विहिरीपाशी येऊन ती धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावरच थांबली. पुढं पाऊल टाकेना. विहिरीच्या काठाला स्टार्टरची पेटी होती, जेमतेम दहा पावलांवर.

"माह्या सासऱ्याले या हिरीच्या काठावर उभं नव्हते राहू देत," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता. "आज मले बटन दाबाले बलावून राह्यले."

दिनकरभाऊ आंब्याखाली उभे होते, ते खाली बघत होते. बाईनं मग चपला काढल्या, धुऱ्यावर नीट जोडून ठेवल्या आणि ती अनवाणी ढेकळांत उतरली. सवयीनं काढल्या की मुद्दाम, कोण जाणे.

"वहिनी," दिनकरभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "चपला घाला. काटे हायेत तथी."

तिनं वळून पाहिलं. परत आली, चपला घातल्या, आणि जाऊन बटण दाबलं.

पुढं सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या आठवड्यात रोज तक्रारी. "त्यानं माही मोटार उशिरा लावली." "तिनं पेटीचं झाकन उघडं ठेवलं." खालच्यांपैकी एकानं तर चाब्या अजाबरावांच्या अंगावर फेकल्या. त्यांनी त्या वेचून पुन्हा त्याच्याच हातात दिल्या. रोज सकाळी ते लुनावरून येत आणि कुणाच्या मागं न जाता, न बोलता डीपीखाली बसून राहत. पित्तासाठी खिशात मुरमुरे असायचे, ते खात.

पण रोज दुसऱ्याच्या वावरातून चालायचं म्हटलं की माणसाला नको असलं तरी दिसतंच. पंधरा दिवसांनी दिनकरभाऊ उपकेंद्रात आले. मी पाण्याचा ग्लास भरला, बोट दाखवायची तयारी केली. ते बसले आणि म्हणाले, "ऑपरेटर, त्या पंचफुलाबाईची हीर दीड घंटाच चालते. मंग नुसती हवा मारते मोटार. आमी म्हनो, थे दिवसभर करंट खेचते." त्यांनी ग्लास उचलला आणि तसाच परत ठेवला. "दीड घंट्यात काय खेचन ते?" एवढं सांगायला ते चार किलोमीटर आले होते. केबलबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. तिकडं पंचफुलाबाईनं दिनकरभाऊंच्या पाइपाची गळती पाहिली आणि त्यांच्या गड्याला असं काही झापलं की त्यानं घाबरून त्याच दिवशी सायकलच्या ट्यूबनं ती बांधली. "इतलं पानी मातीत घालता अन् आमाले म्हनता करंट पुरत नाही!" ती म्हणाली. पण म्हणाली विहिरीच्या काठावर बसून.

त्यांच्यात सोयरसंबंध झाले नाहीत. लग्नाच्या पंगतीही वेगवेगळ्याच राहिल्या असाव्यात. अजाबरावांनाही तसली आशा नव्हती. मी एकदा मोठ्या उत्साहानं म्हटलं, "तुम्ही तर गाव एक केलं." ते चिडले. "गावाचं नाव कायले घेतं? चौदा मोटारी एका डीपीवर चालून राह्यल्या, तेवढंच म्हन."

फेब्रुवारीच्या शेवटी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ झालं, पण त्या दिवशी माझी ड्युटी होती आणि फिडर सारखा बंद पडत होता. मी खोलीबाहेर पडू शकलो नाही. आता ते मंगरूळपीरला मुलीकडं राहतात. अधूनमधून फोन होतो, भेट होत नाही. म्हणून माझ्यासाठी शेवटचे अजाबराव म्हणजे निवृत्तीच्या आठ दिवस आधीची दुपार.

वादळी वाऱ्यानं मुख्य लाइनचे खांब पडले होते. दोन दिवस सगळं शिवार बंद. गव्हाला शेवटचं पाणी द्यायची नेमकी तीच वेळ, दाणा भरायची. अजाबराव दोन दिवस त्या पडलेल्या खांबांवर होते, तिकडं डीपीखाली जाऊन बसायला कुणी नव्हतं. दुपारी पावणेदोनला लाइन जोडली गेली. मला वरून हुकूम आला आणि मी फिडर सुरू केला. दोन वाजता माझी पाळी संपली, तर अजाबराव दारात. दाढी वाढलेली, शर्टाला चिखल.

"चाल. तथी जाऊन पाहू."

मी त्यांच्या लुनावर मागं बसलो. दोन दिवस तहानलेली चौदा वावरं, आणि लाइन आलेली. एकानं जरी धीर सोडला तरी बाकीचे सोडणार होते. मग ती डीपी, तो गहू आणि साहेबांच्या कपाटातला तो लेखी कागद. वाटभर मी सारखा पूर्वेकडं धूर दिसतो का बघत होतो.

चढाच्या माथ्यावर रस्ता वळतो, तिथून सगळं शिवार खाली दिसतं. तिथं दिनकरभाऊंची बायको डोक्यावर डबा घेऊन येताना भेटली. अजाबरावांनी गाडी थांबवली. "वहिनी, लाइन सुरू हाये ना?"

"हाये ना. त्याईचंच जेवन घेऊन चाल्ली. ते खाली हायेत, नाल्यापाशी."

"खाली? तुमच्या मोटारी?"

"आमच्या मागून. पंचफुलाबाईचा गहू दान्यावर हाये म्हने, आमचा आठ दिस मांगं पेरलेला. आधी तिचं, मंग खालच्याइचं, मंग आमचं. असं ठरलं त्याईचं सकाळी." आणि ती उतरून गेली.

आम्ही पाहिलं. खाली नाल्याकाठी दिनकरभाऊ एका स्टार्टरपासून दुसऱ्याकडं चालले होते, उन्हात, सावकाश. पेटीपाशी पोचले, वाकले, मग सरळ उभे राहून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि डोक्यावर धरून हलवला. वर चढावर, त्यांच्याच विहिरीच्या काठावर पंचफुलाबाई उभी होती, हातात त्यांच्या चाब्या घेऊन. तिनं हात वर केला आणि ती थांबली. बटण दाबलं नाही. खालच्या सगळ्या लागेपर्यंत तिनं वरची एकही लावायची नव्हती, आणि ते एकमेकांना इतक्या लांबून कळावं म्हणून दुपट्टा. हे दुपट्ट्याचं अजाबरावांनी त्यांना शिकवलेलं नव्हतं. आधी कुणाचं, मग कुणाचं, हेही नव्हतं शिकवलेलं. दिनकरभाऊंच्या स्वतःच्या गव्हाची पानं वर माथ्याजवळ गुंडाळली गेलेली मला रस्त्यावरून दिसत होती.

अजाबराव बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मला त्या क्षणी त्या माणसाचा हेवा वाटला, सरळ सांगतो. मी गाडीवरून उतरायला लागलो. म्हटलं, चला, खाली जाऊ, ते तुम्हाला पाहून खूश होतील.

त्यांनी त्या तीन बोटांच्या हातानं माझा गुडघा दाबून मला परत बसवलं.

"उतरू नोको," ते म्हणाले. "आपन गेलो का ते थांबतीन, अन् आपल्याले इचारतीन."

मग त्यांनी हँडल वळवलं. आलेल्या रस्त्याला उतार होता. त्यांनी गाडी सुरूच केली नाही. खाली त्यांना आवाज जाऊ नये म्हणून आम्ही दोघं तसेच, पाय जमिनीला लावत लावत, उताराला लागलो.